आगळाचा झटपट ब्रेड: आधी मीठ, मग आंबट, मग सोडा

प्रकरण सावंतवाडीजवळच्या एका निवास-न्याहारी केंद्राच्या स्वयंपाकघरातलं आहे. किती पाहुणे मुक्कामाला आहेत हे संध्याकाळी उशिरा कळतं आणि सकाळी साडेआठला न्याहारी पानात पडायला हवी. घावणे, आंबोळ्या रोजच्याच. त्यांच्या जोडीला काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याशी खाता येईल असा, सोलकढीच्या चवीचा एक खारा ब्रेड हवा होता: नारळाचं दूध, कोकम, लसूण, मिरची, कोथिंबीर. यीस्ट घातलं की फुगण्यात दोन-अडीच तास जातात, तेवढा वेळ सकाळी नसतो. म्हणून सोड्यावर फुगणारा झटपट ब्रेड करायचं ठरलं. कालवला, टिनमध्ये ओतला आणि भट्टीत सारला की काम झालं.

आधाराला आयरिश सोडा ब्रेडचं जुनं प्रमाण घेतलं: ४५० ग्रॅम पीठ, चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम खाण्याचा सोडा, ५ ग्रॅम मीठ आणि ४०० मिली ताक. या ब्रेडमध्ये ताकातलं लॅक्टिक आम्ल सोड्याला भिडतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्या वायूवर ब्रेड फुगतो. तर्क असा की ताकाचं काम आंबटपणाचं, आणि कोकम त्याहून आंबट, तेव्हा ताकाच्या जागी नारळाचं दूध आणि आगळ, म्हणजे कोकमाचा मिठातला रस, घालावं.

तर्कात चूक नाही. घोटाळा झाला तो प्रमाणात, आणि तीनदा तीन वेगळ्या जागी झाला. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारणही तेच. लिंबू, चिंच, कैरी, लोणच्याचा खार, कोणताही आंबट पदार्थ सोड्याच्या ब्रेडमध्ये घालताना माणसं याच तीन जागी अडखळतात.

काय काय बिघडलं

पहिल्या ब्रेडमध्ये ३०० मिली नारळाचं दूध आणि १०० मिली आगळ गेलं. बाकी सगळं मूळ प्रमाणाप्रमाणे. ब्रेड छान फुगला, वरून तडकलाही हवा तसा. पण खारट इतका की तोंडात धरवेना. आणि नवल म्हणजे एवढं आगळ घालून आंबटपणाचा मागमूस नाही. आतला रंग मळकट जांभळा-तपकिरी.

दुसऱ्यात खारटपणावर उपाय म्हणून आगळ ४० मिलीवर आणलं, वरचं मीठ काढून टाकलं, कमी पडलेलं पातळ नारळाच्या दुधाने भरून काढलं. सोडा होता तेवढाच ठेवला. मीठ बरोबर बसलं. पण ब्रेड कापला तर आतून राखाडी-हिरवा, कड गडद तपकिरी आणि घास गिळल्यावर घशाशी साबणासारखी चव. पीठ कालवताना रंग फिका जांभळा होता, हिरवटपणा भट्टीत आला.

तिसऱ्यात सोडाच काढला. ४० मिली आगळ तसंच, आणि १२ ग्रॅम बेकिंग पावडर, म्हणजे चहाचे तीन चमचे. त्या दिवशी मध्येच वीज गेली, ओव्हन तापायला उशीर झाला आणि कालवलेलं पीठ अर्धा तास ओट्यावर राहिलं. ब्रेड बुटका झाला, तळाशी बोटभर चिकट पट्टा, कड पांढरट, चव बोचरी आंबट. शिवाय लसणाच्या तुकड्यांभोवती मोरपंखी ठिपके. पाहणाऱ्याला बुरशीच वाटावी.

पहिल्याचं निदान: आगळ म्हणजे आधी मीठ

आगळ हा कोकमाच्या पिकल्या फळांचा मिठात सुटलेला रस. टिकतो तो मिठामुळेच. या घरच्या आगळात लिटरमागे साधारण १५० ग्रॅम मीठ होतं. म्हणजे १०० मिली आगळातून १५ ग्रॅम, वर घातलेलं ५ ग्रॅम, मिळून २० ग्रॅम. पीठ ४५० ग्रॅम. हे झालं ४.४ टक्के. खाऱ्या ब्रेडला पिठाच्या १.६ ते २ टक्के मीठ पुरतं. अडीचच्या वर जिभेला टोचतं.

तेव्हा आगळ किती घालायचं हे आंबटपणावरून ठरवताच येत नाही. ते मीठ ठरवतं. विकतच्या बाटलीवर १०० मिलीमागे सोडियम छापलेलं असेल तर त्या आकड्याला २.५ ने गुणा: ६,००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १५ ग्रॅम मीठ. घरी घातलेल्या आगळाचं मीठ घालणाऱ्याला ठाऊक असतंच. काहीच माहीत नसेल तर एक भाग आगळ आणि नऊ भाग पाणी मिसळून चाखा, आणि शेजारी १०० मिली पाण्यात दीड ग्रॅम मीठ विरघळवून ते चाखा. आंबटपणा जिभेला फसवतो, म्हणून हा अंदाज ढोबळच. पण १० टक्क्यांचं आगळ आणि २० टक्क्यांचं आगळ यांतला फरक त्यात नक्की कळतो.

इथे एक सावधगिरी. दुकानात आगळाच्या शेजारीच कोकम सरबताचा पाक असतो. त्यात मिठाऐवजी भरपूर साखर असते. तो पाक घातला तर ब्रेड गोड होतो, कड वीस मिनिटांत करपायला लागते आणि आत कच्चा राहतो. बाटली हलवली की आतला रस पाण्यासारखा पातळ हलला पाहिजे. मधासारखा दाट ओघळ दिसला तर ते सरबत.

आता आंबटपणा कुठे गेला? तो सोड्याने खाल्ला. कोकमातलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक. त्याचा एक ग्रॅम सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडा निष्प्रभ करतो, आणि त्यात स्वतःही संपतो. पहिल्या ब्रेडमध्ये आगळाची आणि सोड्याची ताकद जवळजवळ समसमान भिडली. वायू भरपूर सुटला म्हणून ब्रेड फुगला, पण चवीला आंबट काही उरलंच नाही. सोडा ब्रेडमध्ये ‘आंबट घातलं’ म्हणजे ‘ब्रेड आंबट झाला’ असं होत नाही. सोड्याची भूक भागल्यावर जे आम्ल शिल्लक राहतं, तेवढंच जिभेला लागतं.

आगळाची ताकद मोजण्याची रीत

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही, कारण कोकमाचा लाल रंग स्वतःच दर्शक आहे. तो अँथोसायनिनचा. आम्लात लालबुंद, आम्ल ओसरत गेलं की फिका गुलाबी-जांभळा, अल्कलीकडे, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला, झुकला की निळा, आणि कोकमात गार्सिनॉल नावाचं पिवळं द्रव्यही असल्यामुळे निळा-पिवळा मिळून हिरवट-राखाडी. ढोकळ्यात सोड्याची गुठळी राहिली की हळदीचे लाल ठिपके उमटतात, त्यातलाच हा प्रकार.

२०० मिली पाण्यात ५ ग्रॅम सोडा पूर्ण विरघळवा. या पाण्याच्या ५ मिलीच्या एका चमच्यात सोडा असतो ०.१२५ ग्रॅम. दुसरीकडे पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात १० मिली आगळ आणि १०० मिली पाणी घ्या. सोड्याचं पाणी एकेक चमचा घाला, ढवळा, फेस बसू द्या, रंग पाहा. पहिले काही चमचे लाल रंग ढळत नाही, फक्त फसफसतं. मग फसफस मंदावते आणि लाल जाऊन मळका जांभळा रंग येतो. तिथे थांबा. आणखी एक चमचा घालून पाहिलात तर राखाडी-निळा दिसेल, म्हणजे हद्द ओलांडली.

या घरच्या आगळाला चार चमचे लागले. म्हणजे १० मिली आगळ अर्धा ग्रॅम सोडा पेलतं. हा आकडा बाटलीगणिक बदलतो. फळ किती पिकलं होतं, मिठात किती दिवस होतं, झाड कोणतं, सगळ्याचा परिणाम. त्यामुळे नवी बाटली फोडली की चाचणी पुन्हा करावी. दहा मिनिटांचं काम आहे आणि अख्खा ब्रेड वाया जाण्यापेक्षा स्वस्त.

दुसऱ्याचं निदान: सोडा पिठाला नाही, आम्लाला मोजायचा

दुसऱ्या ब्रेडमध्ये ४० मिली आगळ होतं. ते २ ग्रॅम सोडा पेलणार. घातला ५ ग्रॅम. म्हणजे ३ ग्रॅम सोड्याला भिडायला समोर कुणी नव्हतंच. उरलेला सोडा ओल्या पिठात तापला की त्याचा धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, होतो आणि तो मूळ सोड्यापेक्षा जहाल अल्कली. कालवताना जांभळा असलेला रंग भाजल्यावर हिरवा का झाला, याचं उत्तर यात आहे. साबणाची चवही तीच. अल्कलीत कड लवकर तांबूस होते, म्हणून बाहेरून ब्रेड भाजल्यासारखा वाटतो आणि वेळेआधी बाहेर निघतो.

या ब्रेडमध्ये एक गोष्ट फसवी होती. कोथिंबीर आत हिरवीगार दिसत होती, आणि ते बघून ‘निदान कोथिंबीर तरी छान राहिली’ असं वाटलं. प्रत्यक्षात तोच पुरावा होता. आम्ल आणि उष्णता मिळाली की पानांतलं हरितद्रव्य ऑलिव्हसारखं खाकी होतं. अल्कलीत ते हिरवं राहतं. आंबट ब्रेडमधली कोथिंबीर भाजल्यावर थोडी खाकी दिसायलाच हवी. हिरवीगार दिसली तर सोडा जास्त झालाय.

आयरिश प्रमाणात ५ ग्रॅम सोडा चालतो, कारण समोर ४०० मिली ताक असतं. पीठ तेवढंच म्हणून सोडा तेवढाच, असं गृहीत धरलं आणि गाडी तिथे घसरली. आंबट अर्ध्यावर आणलं तर सोडाही अर्ध्यावर यायला हवा. मग फुगण्यासाठी जे कमी पडेल ते बेकिंग पावडरीने भरून काढायचं, कारण तिच्यात सोड्याबरोबर त्याला पुरेसं कोरडं आम्ल आधीच घातलेलं असतं.

तिसऱ्याचं निदान: बेकिंग पावडरीचा सोडाही आगळ खातं

बेकिंग पावडरीत साधारण २५ ते ३० टक्के सोडा असतो. १२ ग्रॅममध्ये ३ ते ३.५ ग्रॅम. त्यातला २ ग्रॅम ४० मिली आगळाने कालवताक्षणीच संपवला. तो वायू अर्ध्या तासात ओट्यावरच उडून गेला. भट्टीत फुगवायला उरला दीड ग्रॅमच्या आत, ४५० ग्रॅम पिठाला तो अगदीच अपुरा. शिवाय पावडरीतलं जे कोरडं आम्ल सोड्याला भिडायचं होतं ते बिनकामाचं शिल्लक राहिलं आणि आंबटपणात भर पडली. आम्ल जास्त असलं की कड तांबूस व्हायला वेळ लागतो, म्हणून पांढरट. तळाचा चिकट पट्टा हा वायू निघून गेलेल्या, जड होऊन खाली बसलेल्या पिठाचा.

बहुतेक बेकिंग पावडरी दोनदा काम करतात, थोडा वायू ओलं झाल्यावर आणि बाकीचा उष्णतेने. त्या भरवशावर लोक पीठ कालवून ठेवतात. पिठात आगळासारखं तीव्र आम्ल असेल तेव्हा हा भरवसा धरू नये. ओव्हन आधी तापलेला हवा आणि ओलं-कोरडं एकत्र केल्यापासून पाच मिनिटांत टिन आत गेला पाहिजे.

मोरपंखी ठिपक्यांचा कोकमाशी संबंधच नाही. ते लसणाचे. चिरलेल्या किंवा ठेचलेल्या कच्च्या लसणातलं विकर (एन्झाइम) सुटतं आणि आम्लात त्यातून निळी-हिरवी द्रव्यं तयार होतात. व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या लसणातही हेच दिसतं. फ्रिजमध्ये बरेच दिवस राहिलेल्या लसणात जास्त. अपायकारक नाही, पण पाहुण्यांच्या ताटात चालणार नाही. उपाय सोपा: लसूण तेलात मंद आचेवर मिनिटभर परतून घ्यायचा. उष्णतेने विकर मरतं, ठिपके पडत नाहीत, आणि कच्च्या लसणाचा उग्रपणाही जातो.

हिरवा रंग दिसला की तो कुठला हे आधी ओळखावं. सगळा ब्रेड एकसारखा राखाडी-हिरवा असेल तर सोडा जास्त. लसणाभोवतीच गोल ठिपके असतील तर लसूण कच्चा. एखाददुसरा पिवळट-हिरवा डाग आणि त्याची चव कडवट-खारी असेल तर सोड्याची गुठळी, म्हणजे चाळणी नीट झाली नाही. आणि सूर्यफुलाच्या बिया घातल्या असतील तर त्यांच्यातलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्याबरोबर बियांभोवती हिरवी वलयं काढतं. तिथे कोकमाला दोष देऊ नये.

दुरुस्त केलेलं प्रमाण

ब्रेडचा आकार बदलला. आयरिश ब्रेड हाताने गोल वळून, वर क्रॉसचा छेद देऊन भाजतात. नारळाच्या दुधात कालवलेलं पीठ तेवढं घट्ट ठेवलं तर ब्रेड कोरडा लागतो, म्हणून पातळसर ठेवून टिनमध्ये भाजणं बरं. २० बाय १० सेंटिमीटरच्या टिनला २५० ग्रॅम पीठ बसतं.

- मैदा १७५ ग्रॅम, कणीक ५० ग्रॅम, तांदळाचं पीठ २५ ग्रॅम
- बेकिंग पावडर ७ ग्रॅम (चहाचा पावणेदोन चमचा)
- खाण्याचा सोडा ०.६ ग्रॅम (पाव चमच्याचा निम्मा, सपाट)
- साखर १० ग्रॅम, भरडलेलं जिरं १ चमचा
- घट्ट नारळाचं दूध १९० मिली, पाणी किंवा दुसऱ्या पिळाचं दूध ३० मिली
- आगळ २५ मिली
- खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल २० मिली
- आमसुलं, म्हणजे सोलं, १५ ग्रॅम
- ओलं खोबरं ४० ग्रॅम, लसूण १० ग्रॅम, हिरव्या मिरच्या २, कोथिंबीर २० ग्रॅम

वरून मीठ नाही. २५ मिली आगळातून पावणेचार ग्रॅम येतं, सोलांतून थोडं. मिळून पिठाच्या पावणेदोन टक्क्यांच्या जवळ जातं.

सोडा ०.६ ग्रॅमच का? २५ मिली आगळ सव्वा ग्रॅम सोडा पेलतं. पूर्ण सव्वा ग्रॅम घातला तर पहिल्या ब्रेडसारखा आंबटपणा संपेल. निम्मा घातला तर निम्मं आम्ल चवीला राहतं आणि रंगही हिरव्याकडे जात नाही. बेकिंग पावडरीतून साधारण २ ग्रॅम सोडा येतो. एकूण अडीच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पिठाच्या एक टक्का. आयरिश प्रमाणातही ४५० ग्रॅमला ५ ग्रॅम हाच हिशेब आहे. फुगवण्याची शक्ती तीच राहिली, फक्त ती दोन वाटांनी आली.

दुसऱ्या आगळासाठी हाच हिशेब फिरवायचा. चाचणीत सहा चमचे लागले तर २५ मिली आगळ १.९ ग्रॅम सोडा पेलेल, निम्मा ०.९ ग्रॅम घाला आणि बेकिंग पावडर ५.५ ग्रॅमवर आणा. दोनच चमचे लागले तर सोडा ०.३ ग्रॅम, जेमतेम एक चिमूट, आणि पावडर ८ ग्रॅम. मीठ २० टक्क्यांचं असेल तर आगळ २० मिलीच्या वर नेऊ नका आणि त्यानुसार सोडाही उतरवा. ०.३ आणि ०.६ ग्रॅम मोजायला दशांश दाखवणारा छोटा काटा घ्यावा. चमच्याने मोजलेला सोडा शीग लावलेला आहे की सपाट, यावरच दुप्पट फरक पडतो.

सोलं घालण्याचं कारण वेगळं. पिठात मिसळलेलं आम्ल सोड्याला आणि पिठाला भिडून सौम्य होतंच, तिथे आंबटपणा एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही. तुकड्यांच्या आतलं आम्ल मात्र सुरक्षित राहतं. घास चावताना मध्येच एक आंबट तुकडा लागतो आणि कोकमाची ओळख तिथे पटते. आमच्या मते या ब्रेडची खरी चव या तुकड्यांत आहे. आगळ पार्श्वभूमी धरतं. सोलं कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, घट्ट पिळा, मटाराच्या निम्म्या आकाराचे तुकडे करा. पाणी फेकू नका, त्याची कढी होते. लोखंडी विळीवर चिरू नका. कोकमाचा रंग लोखंडाशी मिळून काळा पडतो आणि पातंही डागाळतं. स्टीलची सुरी घ्या.

कृती, आणि प्रत्येक टप्प्यावर काय पाहायचं

ओटीजी १८० अंशांवर वीस मिनिटं तापवा, खालची-वरची दोन्ही सळया चालू, जाळी मधल्या कप्प्याच्या एक घर खाली. पंख्याच्या ओव्हनला १६५ अंश पुरे. टिनला बटर पेपर लावा, कडांपर्यंत. बहुतेक टिन ॲल्युमिनियमचे असतात आणि आगळातलं मीठ-आम्ल मिळून ॲल्युमिनियमला चावतं. कालवायलाही काच किंवा स्टीलचं पातेलं घ्या.

तेलात बारीक चिरलेला लसूण मंद आचेवर परता. कडा पिवळसर झाल्या की उतरवा. तांबूस झाला तर भट्टीत कडू होतो. त्याच गरम तेलात जिरं आणि मिरची टाकून ठेवा, गार होऊ द्या.

पीठ, बेकिंग पावडर, सोडा दोनदा चाळा. सोडा ओलसर हवेत गुठळ्या धरतो. चाळणीत उरलेले कण बोटाने चुरून गाळा. साखर मिसळा. कोथिंबीर धुतल्यावर फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करा. ओल्या कोथिंबिरीतून सहज दोन चमचे पाणी जादा जातं. सोलांचे तुकडे आणि खोबरं एक चमचा पिठात घोळवा, म्हणजे तळाशी बसत नाहीत.

नारळाचं दूध आणि पाणी साध्या तापमानाला हवं. फ्रिजमधलं असेल तर त्यातला मेद घट्ट होतो आणि पिठात गोळे राहतात. गरम असेल तर आगळ पडताच फुटतं. सोलकढी उकळत नाहीत त्याचंच हे कारण. आगळ दुधात अगदी शेवटी घाला. दूध लगेच सोलकढीसारखं गुलाबी होऊन किंचित दाटतं, तसंच व्हायला हवं.

आता घाई. ओलं कोरड्यात एकदम ओता, वर लसणाचं तेल, आणि लाकडी उलथन्याने तळापासून वर असं फार तर पंधरा-अठरा वेळा परता. कोरडं पीठ जवळजवळ दिसेनासं झालं की खोबरं, सोलं, कोथिंबीर घालून आणखी चार-पाच वेळा. मिश्रण भज्याच्या पिठापेक्षा दाट, चमच्यावरून एकदम न पडता हळूच घसरणारं हवं. छोट्या गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. फेटत बसलात तर मैद्याचं ग्लुटेन ताणलं जातं, ब्रेड चिवट होतो आणि आत उभी बोगदेवजा छिद्रं पडतात. पावसाळ्यात पीठ ओलं धरतं. तेव्हा पाणी १५ मिलीने कमी करा.

टिनमध्ये ओतल्यावर मधोमध सुरीने अर्धा सेंटिमीटर खोल उभी रेघ ओढा, सुरीला तेल लावून. वरचा पापुद्रा वाटेल तिथे फुटण्याऐवजी त्या रेघेवर फुटतो. लगेच भट्टीत. पंचवीस मिनिटं दार उघडू नका. ब्रेडचा सांगाडा तोवर पक्का झालेला नसतो आणि गार हवेने मध्य खचतो. पस्तीस मिनिटांनी वरचा रंग बघा. नारळ असल्याने वरचे कीस लवकर रंग धरतात. जास्त वाटलं तर फॉइल सैल झाका. एकूण ४५ ते ५० मिनिटं. सळी कोरडी निघायला हवी, पण ती सोलाच्या तुकड्यात घुसली तर ओलीच निघते, म्हणून दोन-तीन ठिकाणी बघा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ ते ९८ अंश.

टिनमध्ये दहाच मिनिटं ठेवा. त्याहून जास्त ठेवलात तर वाफ आत अडकून कडा भिजतात. मग जाळीवर काढा आणि तासभर सुरी लावू नका. तांदळाचं पीठ आणि नारळ असलेला ब्रेड गरम कापला की भुगा होतो.

कापल्यावर काय दिसायला हवं

आतला रंग फिका, तपकिरीकडे झुकणारा गुलाबी. सोलकढीचा गुलाबी भट्टीत टिकत नाही. ती अपेक्षा धरून आगळ वाढवलं तर मीठच वाढेल. सोलाच्या प्रत्येक तुकड्याभोवती तांदळाच्या दाण्याएवढ्या रुंदीचं गडद लाल वलय असतं. हे वलय पाहावं, कारण ते सगळा हिशेब सांगतं. लाल असेल तर आजूबाजूचं पीठ अजून आम्लाच्या बाजूला आहे. जांभळं असेल तर काठावर. पुढच्या वेळी सोडा थोडा कमी. निळं-राखाडी असेल तर सोडा जास्त झाला, चव घेण्याची गरज नाही. वलय अजिबात दिसलं नाही तर सोलं जुनी आहेत किंवा भिजवताना सगळा रस गेला.

मध्य खचलेला आणि वरून सपाट असेल तर फुगवणारं जास्त झालं किंवा दार लवकर उघडलं. तळाशी चिकट पट्टा असेल तर उशीर झाला किंवा पाणी जास्त. भुगा होत असेल तर तांदळाचं पीठ २५ ग्रॅमच्या वर गेलंय.

सगळा ब्रेड कणकेचाच करायचा असेल तर पाणी २५ ते ३० मिलीने वाढवावं आणि मिश्रण भट्टीपूर्वी थांबवू नये, एवढंच. तुकडा अधिक दाट येतो. ज्वारी-नाचणी घालायची तर तांदळाच्या पिठाच्या जागी, तेवढीच. परदेशात आगळ मिळालं नाही तर बहुतेक भारतीय दुकानांत सोलं मिळतात. ३० ग्रॅम सोलं १०० मिली कोमट पाण्यात दोन तास भिजवून, कुस्करून गाळलेलं पाणी घ्या. त्यात मीठ फार कमी असतं, म्हणून चाखून ३ ते ४ ग्रॅम वरून घाला. ताकद मोजण्याची चाचणी मात्र या पाण्यालाही करायची, आणि त्याची ताकद आगळापेक्षा कमी निघाली तर ते ५० मिलीपर्यंत वाढवून साधं पाणी तेवढंच कमी करायचं.

ओलं खोबरं कोकणच्या हवेत दुसऱ्या दिवशीच वास धरतं. म्हणून ब्रेड पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळून बाहेर, नंतर फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपवावा. जास्त केला असेल तर काप करून, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवला तर महिनाभर बरा राहतो. काढल्यावर विरघळू न देता सरळ तव्यावर, थेंबभर खोबरेल सोडून, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजावा. झाकण ठेवू नये, नाहीतर कड मऊ पडते.